गोविंदपंतांबरोबर आलेले

जबलपुरातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारलं, की कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या एखाद्या गावाचं नाव येतं आणि पाठोपाठ दुसरं वाक्य : 'आमचे पूर्वज गोविंदपंतांबरोबर आले.' आमच्याकडेही हेच सांगत. एवढ्या सगळ्यांचे पूर्वज खरोखरच त्यांच्याबरोबर निघाले असते तर रत्नागिरीची निम्मी गावं तेव्हाच ओस पडली असती. तरीही हे वाक्य मला थट्टेवारी न्यावंसं वाटत नाही. परमुलखात राहणाऱ्या माणसांना आपण इथे कुणाच्या बोटाला धरून आलो, हे सांगता यावं लागतं. ते बोट कुणाचं होतं, हे मात्र एकदा नीट पाहायला हवं.

गोविंद बल्लाळ खेर हे रत्नागिरीजवळच्या नेवरे गावचे कऱ्हाडे ब्राह्मण. १७२९मध्ये महंमदखान बंगशाने वृद्ध छत्रसालाला जैतपूरला कोंडीत धरलं, बाजीराव धावून गेला, आणि या मदतीपोटी बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. १७३१च्या अखेरीस छत्रसाल वारला. मुलूख हाती आला म्हणजे वसूल हाती आला असं होत नाही. वसुलीला कारकून लागतात, शिबंदी लागते, पुण्याला हिशेब पाठवणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे गोविंदपंत. त्यांनी सागरच्या तळ्याकाठी ठाणं केलं आणि त्याभोवती आजचं शहर वाढलं. तळ्यावरच्या किल्ल्यात आता पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र आहे.

त्यांच्या नावाचीच गंमत पाहा. मराठी इतिहासात ते 'गोविंदपंत बुंदेले'. बुंदेले ही तिथल्या राजपुतांची जात, खेरांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण पुण्याच्या दृष्टीने जो बुंदेलखंडात गेला तो बुंदेला. बुंदेलखंडाच्या दृष्टीने मात्र ते 'गोविंदराव पंडित', दक्षिणेतून आलेले परके. हिंदीत त्यांना सरसकट 'मराठा' म्हणतात, आणि मराठी वाचक इथे अडखळतो, कारण आपल्याकडे तो शब्द वेगळ्या अर्थाने चालतो. भाषांतर करताना मी या ओळीशी नेहमी थांबते. ज्याला घरचे परक्याच्या नावाने ओळखतात आणि परके घरच्या नावाने, तो माणूस सरहद्दीवरचा.

त्यांचा शेवट पानिपताच्या आधीच झाला. १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंची पत्रांमागून पत्रं त्यांना येत होती : पैका पाठवा, हिशेब पाठवा, यमुनेवर नावा जमवा, शुजाला अब्दालीकडे जाऊ देऊ नका, रोहिल्यांच्या मुलखात धामधूम करून शत्रूची रसद तोडा. आयुष्यभर वसुलीचं काम केलेल्या, वयाने थकलेल्या माणसाकडून भाऊंना तडफदार सरदाराची अपेक्षा होती. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा हा पत्रव्यवहार लोकांपुढे आला, आणि प्रस्तावनेत त्यांनी गोविंदपंतांवर कडक ठपका ठेवला. तेव्हापासून पंत मराठी मनात 'रसद न पोचवणारा मामलेदार' होऊन बसले. मला हा निकाल अर्धाच पटतो. पत्रं मागणाऱ्याची आहेत, त्यामुळे त्यांत मागणीचा आवाज मोठा आहे. दिल्लीकडच्या छावणीला पैसा हवा होता हे जितकं खरं, तितकंच मोठी फौज दारात उभी असताना बुंदेलखंडातले जमीनदार वसूल देत नसत, हेही खरं.

डिसेंबर १७६०मध्ये, दुआबात अब्दालीची रसद अडवत असताना, अताईखानाच्या स्वारांनी त्यांना अचानक गाठलं. पुढचं काशीराज पंडितांनी लिहून ठेवलं आहे. काशीराज स्वतः दक्षिणी ब्राह्मण, पण शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे समोरच्या छावणीत. त्यांनी फारसीत लिहिलं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स ब्राउन यांनी त्याचं इंग्रजी केलं. त्यात म्हातारे पंत पळता पळता घोड्यावरून पडतात, त्यांना घोड्यावर नीट बसता येत नाही, आणि मागून येणारे स्वार त्यांचं डोकं कापून छावणीत नेतात. एका मराठी माणसाचा मृत्यू दुसऱ्या मराठी माणसाने फारसीत नोंदवला आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो इंग्रजीवरून वाचला. मराठी पत्रांतले पंत हट्टी आणि चुकार वाटतात. या फारसीतल्या पंतांची मला दया येते.

घराणं मात्र टिकलं. बाळाजी गोविंद आणि गंगाधर गोविंद या मुलांनी सागर, काल्पी, जालौनचा कारभार चालवला. आणि १७८१मध्ये सागरकरांनी गढा-मंडला घेतलं. इथे जबलपूर गोष्टीत येतं. राणी दुर्गावतीचं हे गोंड राज्य अकबराच्या फौजेशी लढून, १५६४मध्ये राणी पडल्यावरही, मोडकंतोडकं का होईना उभं होतं. ते संपवलं आमच्या 'गोविंदपंतांबरोबर आलेल्यां'नी. शेवटचा राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत राहिला आणि १७८९मध्ये तिथेच वारला. मराठ्यांनी ठाण्यासाठी जबलपूर निवडलं. घरच्या गोष्टींत हा भाग कधी आलाच नाही. 'आपण आलो, राहिलो' एवढंच. आधी कोण राहत होतं, हे मी शाळेत दुर्गावतीच्या धड्यात हिंदीतून शिकले, आणि धड्यातला मुघल शत्रू संपल्यावर पुढे काय झालं ते स्लीमन यांच्या १८३७च्या इंग्रजी लेखातून.

इंग्रजीतल्या 'सेटलर'ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मला इथे छळतो. 'वसाहतकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा साहेब येतो. स्वतःबद्दल बोलताना आपण 'स्थायिक झालो' म्हणतो. शब्द इतका सौम्य, की जणू रिकाम्या खोलीत सामान लावलं.

सागरकरांचं राज्य इथे फार टिकलं नाही. १७९८च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, डिसेंबर १८१७मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतलं, १८१८मध्ये सागर गेलं, १८४०मध्ये जालौन. खेरांच्या वंशातले 'सागरचे राजे' पेन्शन घेऊन जबलपुरातच राहिले. गोंड राजवंशातले शंकरशाहही इथेच पेन्शनीवर होते. ज्यांचं राज्य घेतलं ते आणि ज्यांनी घेतलं ते, दोघेही एकाच इंग्रजी खजिन्यातून पैसे उचलत होते. १८ सप्टेंबर १८५७ला शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना इंग्रजांनी जबलपुरातच तोफेच्या तोंडी दिलं.

आता त्या वाक्याकडे. इथल्या बहुतेक मराठी घरांचा मूळपुरुष, आमचाही, घोड्यावरून नाही, आगगाडीने आला. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी मराठी नागपूर, त्यामुळे कचेऱ्यांतून मराठी कारकून, मास्तर, वकील हिंदी जिल्ह्यांत जाऊ लागले. १८७०च्या मार्चमध्ये मुंबईकडचा लोहमार्ग जबलपुरात कलकत्त्याकडच्या मार्गाला येऊन मिळाला. आजीच्या सांगण्यातले मूळपुरुष 'बाबा' घोड्यावर असत आणि कमरेला तलवार असे. पण त्याच बाबांची एक वस्तू घरात उरली आहे, ती म्हणजे शाईची दौत. तलवार कुणी पाहिलेली नाही. १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि कारकुनांची नातवंडं प्रांताबाहेरची झाली. गोविंदपंतांची गोष्ट घराघरांत जोर धरू लागली ती याच सुमारास असावी, असा माझा कयास आहे. बदलीवर आलेल्याला 'परत जा' म्हणता येतं. पेशव्यांच्या हुकमाने आलेल्याला कोण म्हणणार?

काकूंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, 'असेल. पण पत्रिकेत काय छापायचं ते छापायचं.' पुढच्या महिन्यात नातवाची मुंज आहे. पत्रिकेत घराण्याच्या नावापुढे 'मूळ गाव नेवरे' छापलं आहे.