बुवाच्या कफनीतलं रसायनशास्त्र

विज्ञानाच्या तासाला मुलांना भूमिका देणं ही नव्या शिक्षणशास्त्राची देणगी समजली जाते. महाराष्ट्रात मात्र सोंग घेऊन शहाणं करण्याची रीत जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. त्यात एक जोशी गरोदर बाईला ग्रहपीडेचं भय घालून पैसे उकळतो, विदूषक पावलोपावली त्याची लबाडी उघडी पाडतो आणि अखेर ती बाई आणि तिचा नवरा शिकायला निघतात. कमिटीने नाटक नाकारलं. तरी रीत मेली नाही. सत्यशोधक जलशांनी ती तमाशाच्या बाजात गावोगाव नेली आणि १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या चमत्कार-प्रात्यक्षिकांत ती थेट रसायनशास्त्राला भिडली.

भगवी कफनी घातलेला कार्यकर्ता होमापुढे बसतो. राखेत पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड दडवलेली असते, पळीत तूप म्हणून ग्लिसरीन. पळी ओतल्यावर लगेच काहीच घडत नाही. बुवा मंत्र पुटपुटतो, धूर निघतो आणि काडी न ओढता भडका उडतो. मधली ती उसंत मला फार मोलाची वाटते. परमँगनेट ग्लिसरीनचं ऑक्सिडीकरण करत असतं, उष्णता साठत असते; पाहणाऱ्याला मात्र वाटतं, मंत्र काम करतोय. फळ्यावर समीकरण मांडलं, की बरोबर उत्तर तेवढं वर्गात येतं. बुवामुळे चुकीचं उत्तरही समोर येऊन बसतं, वाद घालतं आणि ते मुलांना खोडून काढावं लागतं.

भडका लक्षात राहतो, रसायन विसरतं, असा आक्षेप येतो. बघ्यांपुरता तो खराच आहे. म्हणून तर शिक्षकांच्या देखरेखीखाली कफनी मुलाच्या अंगावर चढायला हवी. ज्याला चमत्कार घडवायचा आहे त्याला पूड बारीक की भरड, थेंब किती, हे कळावंच लागतं. श्रद्धा दुखावते म्हणावं, तर इथे देवाची नव्हे, एका दाव्याची परीक्षा होते. त्या परीक्षेला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यामुळे ठाऊक झालेल्या मावळातल्या उर्से गावी थंडीच्या सकाळी हा होम मांडला, तर भडका रेंगाळेल; त्याच मापाने दुपारी उन्हं तापल्यावर मांडला, तर लवकर उडेल. मंत्र दोन्ही वेळा तोच असेल, आणि फरक कशाने पडला याचं उत्तर बुवा झालेल्या मुलालाच द्यावं लागेल.