आपत्तीला अकरा तास

क्लिनिक आणि माणसं काल्पनिक. पण छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही डेंटल क्लिनिकमध्ये उजाडू शकेल असा हा मंगळवार. कायदे आणि शेवटचा दाखला मात्र खरे.

सकाळी 10.40 (उरले 11 तास)
उस्मानपुऱ्यातलं क्लिनिक. पैठणहून आलेला 27 वर्षांचा तरुण, तक्रार अक्कलदाढेची. तोंड जेमतेम दीड बोट उघडतंय. गाल आतून पांढुरके, ताठ. गुटखा-सुपारीमुळे होणारा सबम्यूकस फायब्रोसिस. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी, पुड्या तरीही खिशात. असिस्टंट मोबाइल काढते. “दादा, रीलसाठी घेऊ ना? चेहरा नाही येणार.” तोंडात आरसा आणि सक्शन असलेला दादा कशीबशी मान हलवतो. झाली परवानगी!

सकाळी 11.15 (10 तास 25 मिनिटं)
काउंटरवर फॉर्मवर सही. ती उपचारांसाठी, रीलचा त्यात शब्दही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा म्हणतो, संमती मोकळेपणानं, नेमक्या कारणासाठी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली हवी.

दुपारी 1.30 (8 तास 10 मिनिटं)
डबा खाता खाता रील तयार. फ्रेम ओठांपुरती, वर चालतं गाणं, खाली ‘गुटखा सोडा’. हेतू चांगलाच. फक्त तीन सेकंद मागच्या मॉनिटरवर ओपीजी दिसतो. जबड्याच्या त्या एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख. क्लिनिकच्या डेंटिस्ट मॅडमना न दाखवताच रील अपलोड.

दुपारी 4.00 (5 तास 40 मिनिटं)
पैठणच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्या एक्स-रेपाशीच व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट टाकतो. “हा आपलाच ना?”

संध्याकाळी 6.10 (3 तास 30 मिनिटं)
सोयरीक जमत आलेली. मुलीच्या मामांचा फोन येतो. “मुलगा निर्व्यसनी म्हणाला होतात ना?”

संध्याकाळी 7.00 (2 तास 40 मिनिटं)
तरुण क्लिनिकला फोन करतो. असिस्टंट घाबरून रील डिलीट करते आणि गप्प बसते. मॅडमना अजून पत्ता नाही. स्क्रीनशॉट फिरतच राहतो.

रात्री 9.05 (35 मिनिटं)
गूगलवर एक स्टार. “पेशंटची बदनामी करणारं क्लिनिक.” स्टाफच्या ग्रुपवर संताप. “याला उत्तर दिलंच पाहिजे!” पासवर्ड रिसेप्शनिस्टकडे.

रात्री 9.40 (शून्य)
क्लिनिकच्या नावानं रिप्लाय पडतो. “दहा वर्षं गुटखा खातो, हे तुम्हीच फॉर्मवर लिहिलंय. एक्स-रेचे पैसेही बाकी आहेत.”

तोवर निदान ‘नजरचूक झाली’ म्हणायला जागा होती. आता क्लिनिकनं जाणूनबुजून, स्वतःच्या नावानं केसपेपर चव्हाट्यावर मांडला. टेक्सासमधल्या डॅलसच्या एलिट डेंटल असोसिएट्सनं असंच ऑनलाइन रिव्ह्यूच्या उत्तरात पेशंटचं आडनाव आणि आजाराचा तपशील उघड केला होता; 2019 मध्ये त्यांना 10,000 डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडेही दंतवैद्यकांच्या 2014 च्या आचारसंहितेत रुग्णाची गोपनीयता आहेच. मोबाइल असिस्टंटचा, पासवर्ड रिसेप्शनिस्टकडे. डेंटल कौन्सिलकडची नोंदणी मात्र मॅडमची. त्यामुळे जाबही त्यांनाच.

सात वाजताच मॅडमना सांगायला हवं होतं आणि त्यांनी स्वतः त्या तरुणाला फोन करायला हवा होता. आणि रिव्ह्यूखाली लिहायचंच होतं, तर एवढंच पुरे होतं: “आपण कळवलंत, आभारी आहोत. कृपया क्लिनिकच्या क्रमांकावर बोला.” समोरचा आपला पेशंट आहे की नाही, हेसुद्धा त्यातून कळत नाही.