शेरा आणि निदान

गोदावरीच्या काठचे शहागड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, आणि त्या राज्यात सरकारी दप्तराची तशीच वरच्या शाळांची भाषा उर्दू असल्यामुळे, घरी मराठीच ऐकत वाढलेला चौदा वर्षांचा मुलगा वर्गात शून्य दृष्टीने बसला, तर तो दोष त्याच्या अवधानाचा की परक्या भाषेचा, हे विचारणारे कोणी नव्हते. वांड, उनाड, व्रात्य असे शब्द मात्र मुबलक होते. आणि पुढे प्रगतिपुस्तके आली तेव्हा ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा वर्षानुवर्षे त्याच जागी उमटत राहिला.

वैद्यकाने मात्र अशा मुलांची दखल आधीच घेतली होती. लंडनमध्ये १९०२ साली डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी, बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःस आवरता येत नाही अशा मुलांचे वर्णन व्याख्यानांतून केले. परंतु त्यांनीही त्यास नैतिक संयमातील दोषच म्हटले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९६८ साली अतिचंचलता आली, १९८० साली अवधानास अग्रस्थान मिळाले आणि १९८७ साली एडीएचडी (अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार) हे नाव रूढ झाले. लक्षणे सातव्या वर्षापूर्वीची असावीत ही अट २०१३ साली बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली. मात्र ही लक्षणे कमीत कमी सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळलेली असली पाहिजेत.

कुमारवयातील निदानाची खरी अडचण येथेच आहे. पंधराव्या वर्षी धावपळ ओसरून आतली अस्वस्थता तेवढी उरते. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, व्यसन, कमी ऐकू येणे यांचेही रूप तसेच दिसते. म्हणून लक्षणे लहानपणापासूनची आहेत हे सांगणारा आठव्या वर्षीचा साक्षीदार शोधावा लागतो. पण ज्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, त्या मुलाच्या हजेरीपटातील अर्धे वर्ष कोरे असते, आणि खिडकीबाहेर पाहत मुकाट बसणाऱ्या मुलीवर तर कोणी शेराही मारलेला नसतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत या विकाराचा समावेश आहे. पण शाळेतील चाळणी म्हणजे निदान नव्हे. तेव्हा पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : दुसरी-तिसरीची प्रगतिपुस्तके रद्दीत घालू नका, आणि मुलास मनोविकारतज्ज्ञाकडे नेताना ती सोबत न्या.