नाफ्प्लिओचे बंदर

ग्रीस म्हटले की आपल्याला अथेन्स आठवते. शाळेत गुरुजींनी नकाशावर काठी टेकवली तीही तिथेच. पण मंडळी, हा देश तुर्कांच्या अमलातून सुटला तेव्हा अथेन्सच्या आधी राजधानीचा मान मिळाला होता तो नाफ्प्लिओ नावाच्या एका लहानशा बंदराला. 1829 ते 1834 अशी उणीपुरी पाच वर्षे.

अथेन्सहून बसने निघालो, दोन-अडीच तासांत पोचलो. धक्क्यावर उतरलो तर समोर पाण्यात एवढासा जलदुर्ग. त्याचे नाव बुर्झी. व्हेनिसच्या लोकांनी पंधराव्या शतकात तो बांधला. पुढे देहान्ताची शिक्षा अमलात आणणारी माणसे तिथे राहत. गावात त्यांचा शेजार कोणाला हवा? त्याच किल्ल्यात नंतर हॉटेलही निघाले होते!

गावाच्या डोक्यावर सातशे फूट उंचीचा पालामिडी किल्ला. तोही व्हेनिसकरांचाच, 1711 ते 1714 मध्ये बांधलेला. एवढा खर्च करून बांधला आणि 1715 साली तुर्कांनी घेतलासुद्धा. ग्रीकांनी तो परत मिळवला 1822 च्या नोव्हेंबरअखेर, रात्रीच्या अंधारात. वर जायला 999 पायऱ्या आहेत असे गावकरी अभिमानाने सांगतात. मी मोजायला लागलो, पण धाप लागली आणि हिशेब चुकला. खरा आकडा पुष्कळ कमी आहे म्हणतात. असो.

या राज्याचा पहिला कारभारी योआनिस कापोडिस्ट्रियास. पूर्वी रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री होता. 1828 साली आला तेव्हा देश उजाड, लोक उपाशी. त्याने शाळा काढल्या आणि बटाट्याची लागवड सुरू केली. बटाट्याची गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. फुकट वाटला तर कोणी हात लावीना. मग म्हणे त्याने बटाट्याच्या ढिगावर पहारा बसवला, आणि शिपायांना सांगितले, चोरी झाली तर बघू नका! चार दिवसांत ढीग साफ. गोष्ट आहे, तेव्हा मीठमिरची लागली असेल. पण ग्रीसमध्ये बटाटा आणला तो त्यानेच.

त्याचा स्वभाव मात्र एकतंत्री. माव्रोमिखालिस या बड्या घराण्याच्या प्रमुखाला त्याने कैदेत टाकले. 1831 च्या ऑक्टोबरात, एका रविवारी सकाळी, संत स्पिरिडॉनच्या देवळाच्या दारात त्या घराण्यातल्या दोघांनी त्याला ठार केले. भिंतीतली गोळीची खूण काच लावून जपली आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा एक म्हातारी आली, खुणेकडे न बघता आत गेली आणि मेणबत्ती लावून निघून गेली.

पुढे बव्हेरियाचा राजपुत्र ओटो राजा झाला. वय अवघे सतरा, म्हणून कारभार बव्हेरियन मंडळींच्या हाती. त्यांनी कोणाला पकडावे? थिओडोरोस कोलोकोट्रोनिसला! 1822 मध्ये देर्वेनाकियाच्या खिंडीत तुर्की फौजेची दाणादाण उडवणारा हा सेनानी. आता साठी उलटलेली. आरोप राजद्रोहाचा. 1834 साली खटला चालला तो गावातल्या जुन्या मशिदीत. त्याच इमारतीत पूर्वी ग्रीकांची लोकसभा भरत असे. न्यायाधीश पाच. तिघांनी देहान्त शिक्षा लिहिली. अध्यक्ष पोलिझोईडिस आणि त्यांचे सहकारी तेर्त्सेतिस म्हणाले, पुरावा नाही, आम्ही सही करणार नाही. दोघेही तिशीतले. न्यायमंत्र्याने शिपाई पाठवून त्यांना ओढत आसनावर आणून बसवले. बसवता आले, पण सही काही मिळाली नाही. उलट त्या दोघांवरच खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले.

शिक्षा कैदेवर आली आणि 1835 मध्ये राजाने म्हाताऱ्याला मोकळे केले. तोवर राजधानी अथेन्सला गेली होती.

पालामिडीवर त्याची म्हणून एक कोठडी दाखवतात. खडकात खोदलेली, दार इतके बुटके की वाकूनच शिरावे लागते. आत शिरलो तर काही दिसेना. बाहेर आलो तेव्हा खाली बंदरात मासेमारीच्या होड्या लागत होत्या आणि गावातल्या एका शाळेची पोरे शिक्षकांच्या मागून पायऱ्या मोजत वर येत होती.