बर्फावरचा खिळा

एप्रिलच्या आरंभी नॉर्वेतील एखाद्या गावात, रस्त्यावरचे बर्फ वितळून खालचे काळे डांबर पुन्हा उघडे पडले म्हणजे, येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींच्या चाकांखालून एक कोरडी, अखंड करकर ऐकू येऊ लागते. प्रत्येक टायरच्या रबरात शंभराच्या आसपास धातूचे खिळे रोवलेले असतात, आणि बर्फ सरल्यावर ते रस्त्यालाच खात असतात.

या खिळ्याचे कूळ शोधू गेल्यास ते मोटारीच्या पलीकडे, घोड्याच्या नालापर्यंत जाऊन पोहोचते. थंड मुलखांतील नालबंद हिवाळ्याच्या तोंडावर नालांना टोकदार खिळे ठोकून देत. कारण गुळगुळीत नालांचा घोडा भरल्या गाडीनिशी गोठलेल्या उतारावर घसरला, तर जनावर आणि गाडीवान दोघांच्याही जिवावर बेते. मोटारीच्या आगमनानंतर ही युक्ती चाकाकडे आली. 1905 साली फ्रान्समधील मिशलँ कंपनीने चामड्याचा तळ आणि त्यात पोलादी रिबिटी असलेला जो टायर विकावयास काढला, त्याचे नाव ‘सेमेल’, म्हणजे जोड्याचा तळ, असे होते. त्याचा रोख घसरण आणि पंक्चर या दोहोंवर होता. बर्फाचा खास विचार त्यात नव्हता. तो विचार फिनलंडने केला. तेथील रबर कारखान्याने 1934 साली मालमोटारींसाठी हिवाळी टायर तयार केला आणि 1936 साली निघालेल्या टायरला ‘हक्कापेलीट्टा’ हे नाव दिले. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या फौजेतून लढलेल्या फिनिश घोडेस्वारांना याच नावाने ओळखीत. नालाच्या मार्गाने चाकापर्यंत आलेल्या कुळात घोडा असा नावाने पुन्हा परत आला, याचे मला फार अप्रूप वाटते.

तथापि या टायरांत खिळे नव्हते. भिस्त होती ती रबराच्या जाड, खोल खाचांवर. लोखंडी खिळा उघड्या रस्त्यावर थोड्याच दिवसांत झिजून बोथट होई, आणि या अडचणीवरचा तोडगा विजेच्या दिव्यांच्या धंद्यातून निघाला. दिव्यातील टंगस्टनची तार बारीक करण्यासाठी ती हिऱ्याला पाडलेल्या छिद्रातून ओढावी लागे. तो खर्च वाचविण्याच्या खटपटीत जर्मनीतील ओसराम कंपनीच्या संशोधकांनी 1920 नंतरच्या दशकात टंगस्टन कार्बाइडचा अतिकठीण संमिश्र पदार्थ सिद्ध केला, आणि क्रुप कंपनीने तो ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, या नावाने विकला. हाच पदार्थ 1960 च्या सुमारास टायरमध्ये शिरला. खिळा हातात घेऊन पाहिला तर तो उलट्या भुईछत्रीसारखा दिसतो: खाली रुंद बूड, वर धातूचे सडपातळ अंग, आणि अंगाच्या मधोमध कार्बाइडचे टाचणीएवढे टोक. बूड रबरात घट्ट रुतून बसते. बाहेर डोकावणारा भाग जेमतेम एक मिलिमीटरचा. तापमान शून्याच्या आसपास असून बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा या टोकाची मातब्बरी सर्वाधिक. कडाक्याच्या थंडीत बर्फच इतके टणक होते की टोक त्यात पूर्वीइतके शिरत नाही.

जो पदार्थ बर्फ फोडतो तो दगडही फोडतो, हे थोड्याच वर्षांत सर्वांच्या ध्यानी आले. रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या, चाकोऱ्यांत पाणी साचले, आणि अपघात टाळण्यासाठी आलेला खिळा अपघाताचे निमित्त होऊ लागला. अमेरिकेतील मिनेसोटा आणि कॅनडातील ओंटॅरिओ यांनी 1971 साली, तर पश्चिम जर्मनीने 1975 साली मनाई केली.

परंतु या तक्रारीचे खरे गांभीर्य जपानमधील सेन्दाईने जगासमोर मांडले. वृक्षराजीची नगरी म्हणून लौकिक असलेल्या या शहरात बर्फ पडते, पण टिकत नाही. त्यामुळे हिवाळाभर खिळे उघडे डांबर खरवडीत राहिले, आणि हवेत इतकी धूळ उठली की लोक आपल्याच शहराला ‘सेन्दाईचे वाळवंट’ म्हणू लागले. नागरिकांनी हा प्रश्न लावून धरला. मियागी प्रांताने 1985 साली आपला नियम केला. पुढे कारखानदारांनी 1990 च्या अखेरीस उत्पादन थांबविण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कायदा झाला. नेमून दिलेल्या प्रदेशांत, बर्फ नसलेल्या पक्क्या रस्त्यावर खिळेदार टायर चालविल्यास एक लाख येनपर्यंत दंड, अशी त्याची शर्त आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाड्यांना त्यातून मुभा आहे. रस्त्याच्या झिजेचा हिशेब खजिन्यातून मांडता येतो, श्वासाचा मांडता येत नाही, हे ओळखून केलेला हा कायदा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणा दस्तऐवज वाटतो.

उत्तरेकडील देशांना सरसकट मनाई परवडणारी नव्हती, आणि त्यांची गरज खरी आहे. त्यांनी मुदत आखली. नॉर्वेच्या बहुतेक भागात ही मुभा 1 नोव्हेंबरपासून ईस्टरच्या सोमवारानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारपर्यंत असते. ईस्टर चंद्रावरून ठरत असल्यामुळे हा वाहतुकीचा नियम आपल्या होळीप्रमाणे दरसाल पुढेमागे सरकतो. ऑस्लोने शहरात खिळे वापरणाऱ्यांवर शुल्क बसविले; स्टॉकहोमने 2010 पासून हॉर्न्सगाटान या एका रस्त्यावर ते बंदच केले. फिनलंडने टायरच्या परिघाच्या दर मीटरमागे पन्नास खिळे ही मर्यादा घातली, आणि अधिक खिळे हवे असणाऱ्या कारखानदाराला एक वेगळी परीक्षा दिली: रस्त्यात बसविलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यांवरून गाडी चालवायची आणि दगडाचे वजन किती घटले ते तोलून पाहायचे.

या खिळ्याने मागे ठेवलेला वारसा मात्र टायरमध्ये नाही, रस्त्यात आहे. 1960 नंतरच्या दशकात जर्मनीतील श्ट्राबाग कंपनीचे अभियंता त्सिखनर यांनी खिळ्यांपुढे टिकेल असे डांबरी मिश्रण बनविले. त्यात मोठी खडी एकमेकींना भिडून सांगाडा उभा करते, आणि मधल्या पोकळ्या डांबर, दगडाची भुकटी व तंतू यांच्या दाट लेपाने भरल्या जातात. खिळ्यांवर मनाई आल्यावर या मिश्रणाचे प्रयोजनच संपावयाचे. पण मालमोटारींच्या भाराखालीही ते चाकोरी धरीत नाही असे दिसून आले, आणि 1984 साली जर्मनीने त्याचे मानक ठरविले. हिमवर्षावाशी ज्याच्या बहुतांश मुलखाचा कधी संबंध येत नाही, त्या आपल्या देशातही इंडियन रोड्स काँग्रेसने 2008 साली याच जातीच्या मिश्रणाचे तपशील प्रसिद्ध केले आहेत.