टेबलाच्या दुसऱ्या बाजूला : ब्रिटनमध्ये मुलाखत घेताना



या देशात आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी मुलाखती दिल्या. कोणी भारतातून फोनवर, तर कोणी इथे उतरल्यावर कोट-टाय चढवून. आता चित्र बदललं आहे. आपल्यातले बरेच जण टीम लीड, मॅनेजर झाले आहेत, काहींनी स्वतःची कन्सल्टन्सी किंवा दुकान काढलं आहे. मुलाखत कशी द्यायची हे आपण धडपडत शिकलो. घ्यायची कशी हे मात्र कोणी शिकवलं नाही.

आमचंच उदाहरण घ्या. पहिल्यांदा पॅनेलवर बसलो तेव्हा एका उमेदवार बाईंना गप्पांच्या ओघात विचारलं, "मुलं केवढी आहेत?" मनात वावगं काही नव्हतं. आपल्याकडे ओळख करून घ्यायची हीच रीत. नंतर एच.आर.मधल्या सहकारी बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना ही नोकरी दिली नाही, तर या प्रश्नाचं कारण काय सांगणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर जे शिकलो ते इथे एकत्र करून देत आहोत.

१) काय विचारू नये

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये इक्वालिटी अॅक्ट २०१० लागू आहे (उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत). वय, अपंगत्व, लिंग, लिंगबदल, लैंगिक कल, वंश, धर्म वा श्रद्धा, विवाह वा सिव्हिल पार्टनरशिप, गरोदरपण व बाळंतपण या नऊ गोष्टींवरून भेदभाव करता येत नाही. वंशात रंग आणि राष्ट्रीयत्वही येतं. नोकरी न मिळालेला उमेदवारही एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे दाद मागू शकतो.

म्हणून "लग्न झालंय का?", "मूळचे कुठले?", "घरी कोण कोण असतं?" हे आपले नेहमीचे प्रश्न मुलाखतीत टाळावेत. शनिवारी काम असेल तर "शनिवारी येणं जमेल का?" एवढंच विचारावं, आणि ते सर्वांना विचारावं. याच कायद्याच्या कलम ६० नुसार, काही मोजके अपवाद सोडता, नोकरी देऊ करण्यापूर्वी तब्येतीबद्दल विचारता येत नाही. मुलाखतीसाठी काही सोय हवी आहे का, हे मात्र जरूर विचारावं.

२) आधीची तयारी

जाहिरात लिहितानाच कामाला खरोखर काय लागतं ते पाच-सहा मुद्द्यांत मांडावं. प्रत्येक मुद्द्यावर एक-दोन प्रश्न आणि चांगलं उत्तर कसं असेल त्याची टिपणं करावीत. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. हे कागदी घोडे वाटतील, पण त्याला आधार आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली. आखीव मुलाखतीतले गुण आणि नंतरची कामगिरी यांचा सहसंबंध ०.४२ आला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत तो ०.१९ होता. "माणूस पाहताक्षणी कळतो" असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

शक्यतो दोघांनी मिळून मुलाखत घ्यावी. दोघांनी आपापले गुण आधी लिहावेत आणि मग चर्चा करावी.

३) उत्तर ऐकताना

"तुम्ही दडपणाखाली काम करू शकता का?" याला सगळेच "हो" म्हणतात. त्याऐवजी "रिलीजच्या आदल्या दिवशी काही बिघडलं होतं, असा एखादा प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं विचारावं.

इथे आपल्या माणसांची एक अडचण होते. भारतातून नुकताच आलेला एक उमेदवार प्रत्येक उत्तरात "आम्ही केलं, आमच्या टीमने केलं" म्हणत होता. शेजारच्या परीक्षकाने कागदावर लिहिलं, "स्वतःचं काम सांगता येत नाही." "मी केलं" असं सारखं म्हणणं आपल्याकडे बढाई समजली जाते, हे त्याला कसं ठाऊक असणार? आम्ही विचारलं, "त्यातला तुम्ही स्वतः लिहिलेला भाग कोणता?" तो उठला आणि पंधरा मिनिटं फळ्यावर आकृत्या काढून समजावत राहिला. निवड त्याचीच झाली. तो एक प्रश्न राहून गेला असता, तर चांगला माणूस परत गेला असता.

हा विषय जुना आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांच्या कामावर आधारलेला 'क्रॉसटॉक' हा कार्यक्रम बीबीसीने १९७९ मध्ये दाखवला होता. दक्षिण आशियाई लोकांच्या इंग्रजीतला स्वर आणि मांडणी यांमुळे इंग्रज श्रोत्याचा कसा गैरसमज होतो, हे त्यात मुलाखतीच्या प्रसंगातूनही दाखवलं होतं. उत्तर आडवळणाने आलं, तर गुण कापण्याआधी एक उपप्रश्न विचारावा. आणि ही संधी सर्वच उमेदवारांना द्यावी.

४) "आपला माणूस"

ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजच्या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. जानेवारी २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : बहुसंख्य गोऱ्या समाजातल्या नावांना २४ टक्के ठिकाणी अनुकूल उत्तर आलं, अल्पसंख्याकांच्या नावांना १५ टक्के. हे वाचून आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच आहे. पण पुण्याचा किंवा आपल्याच कॉलेजचा उमेदवार समोर आला की आपलाही हात थोडा सैल सुटतो. तोही भेदभावच. ओळखीचा उमेदवार असेल तर ते पॅनेलला आधी सांगावं आणि गुण दुसऱ्याला देऊ द्यावेत.

५) नंतरची कामं

• उमेदवाराने काय सांगितलं तेच टिपणात लिहावं. दिसण्याबद्दल शेरे नकोत. डेटा संरक्षण कायद्याखाली उमेदवार ही टिपणं मागू शकतो.

• कामाचा हक्क काम सुरू होण्यापूर्वी तपासावा : ब्रिटिश वा आयरिश नागरिकाचा पासपोर्ट, ई-व्हिसा असलेल्यांचा शेअर कोड. नाव किंवा उच्चार पाहून ठरावीक लोकांनाच कागद मागू नयेत. हक्क नसलेल्या माणसाला ठेवलं तर फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या चुकीला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, पुन्हा चूक झाल्यास ६०,०००.

• नकार वेळेवर कळवावा, आणि मागितल्यास कारण दोन वाक्यांत सांगावं.

शेवटचा मुद्दा कुठल्याही कायद्यात नाही. आपणही कधीतरी उत्तराची वाट पाहत फोनजवळ बसलो होतो. समोरच्या खुर्चीतला माणूस आज तसाच बसला आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.