गांधिक

सुगंधी द्रव्ये तयार करणारा व विकणारा प्राचीन भारतीय व्यावसायिक. ‘गंध’ या संस्कृत शब्दापासून ही संज्ञा बनली असून ‘गांधी’ हे आडनाव तिच्यातूनच आले आहे. गांधिकाकडे चंदन, अगरू, कापूर, कस्तुरी यांबरोबर औषधी मुळ्या व मसालेही मिळत. त्यामुळे पुढे किराणा व औषधी विकणाऱ्यांनाही ही संज्ञा लागू झाली.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात या व्यवसायाचा फार जुना पुरावा आढळतो. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील बौद्ध चैत्यगृहाचा एक स्तंभ प्रतिष्ठान (पैठण) येथील गांधिक कुलातील मितदेवाने दान दिल्याचे त्यावरील ब्राह्मी लेखात नमूद आहे. ही लेणी इ. स. पू. दुसऱ्या–पहिल्या शतकांतील मानतात. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दरवाजाचे दानही धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने दिले होते. लेण्यांना दान देण्याइतकी संपन्नता या व्यवसायात होती, हे या लेखांवरून दिसते. तर ‘कुल’ या शब्दावरून तो घराण्यात वंशपरंपरेने चालत असावा, असे अनुमान करता येते.

गांधिकांच्या विद्येस ‘गंधयुक्ति’ म्हणत. एखाद्या फुलाचा वास टिकवून ठेवणे एवढेच तिचे उद्दिष्ट नव्हते. अनेक द्रव्यांच्या प्रमाणबद्ध मिश्रणातून नवा गंध निर्माण करणे, हे तिचे मूलतत्त्व होते. वराहमिहिराने बृहत्संहितेत (सहावे शतक) सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १,८२० प्रकार दिले असून, त्यांचे भाग बदलून होणाऱ्या गंधांची संख्या १,७४,७२० सांगितली आहे. धणे उग्र असल्याने त्यांचा एकच भाग व कापूर त्याहूनही कमी घ्यावा, असा इशाराही तो देतो. गणिताला अनुभवाची मर्यादा घालणारी ही दृष्टी गंधयुक्तीचे वैशिष्ट्य होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लासात विलेपने व धूप यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत.

गंगाधरकृत गंधसार या ग्रंथात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन या सहा क्रिया वर्णिल्या आहेत. त्याच्यासोबत गंधवाद हा अनामिक ग्रंथ मराठी टीकेसह उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे (१८९१–१९६१) यांनी ही पोथी अभ्यासकांच्या निदर्शनास आणली आणि गंधवादाचा व त्याच्या टीकेचा काळ इ. स. १३५०–१५५० असा ठरविला. दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. संस्कृत सूत्रांतील कृती मराठीत उलगडणाऱ्या या टीकेमुळे सुगंधनिर्मितीच्या व्यवहाराची तत्कालीन मराठी परिभाषा उपलब्ध झाली आहे.

मध्ययुगात दख्खनमध्ये फार्सी परंपरेचा संस्कार झाला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या (कार. १५८०–१६२७) काळात इत्र-ए-नौरसशाही हा सुगंधविषयक ग्रंथ रचला गेला. औरंगाबाद हे मोगलांच्या दख्खनमधील राज्यकारभाराचे केंद्र झाल्यावर दरबारी अभिरुचीबरोबर अत्तराचा वापरही येथे रूढ झाला. अत्तराच्या पारंपरिक पद्धतीत डेगमध्ये फुले व पाणी तापवून निघणारी वाफ भपक्यातील चंदनतेलात मुरवितात.

पाश्चात्त्य सुगंधउद्योगाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्राचा मार्ग धरला. जिनीव्हा येथे १८९५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे ‘फिर्मेनिश’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या पेढीच्या साहाय्याने लेओपोल्ट रुझिच्का यांनी कस्तुरी व जवादी यांतील गंधद्रव्यांवर संशोधन करून १९२६ मध्ये त्यांची रेणुरचना उलगडली. त्यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गांधिकांनी शतकानुशतके वापरलेली ही प्राणिज द्रव्ये अशा रीतीने प्रयोगशाळेत आली. पुढे चंदनतेल महागल्याने भारतातही अनेक अत्तरांत त्याची जागा खनिज तेलाने व कृत्रिम द्रव्यांनी घेतली.

या व्यवसायातील कृती मुख्यतः घराण्यात, हाताखाली शिकूनच हस्तांतरित होत. घराणे खुंटले की ती कृतीही लुप्त होई. ग्रंथांत राजांची व ग्रंथकारांची नावे टिकली, परंतु प्रत्यक्ष कारागिरांची क्वचितच. या दृष्टीने पितळखोऱ्याचा स्तंभलेख व गंधवादाची मराठी टीका यांचे महत्त्व विशेष आहे : एकाने पैठणच्या गांधिक कुलाचे अस्तित्व, तर दुसरीने या विद्येतील क्रियांचे मराठी वर्णन जतन केले आहे.